सेकंडहँड पीएस४ प्रो घेतोय, घ्यायच्या आधी फर्मवेअर व्हर्जन कसं ओळखायचं? विकणारा नुसतं 'जुनंच आहे' म्हणतोय

पर्वती_पायथा

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा विचारतोय, प्रश्न येडपट वाटला तर सांभाळून घ्या.

मला पीएस४ प्रो (सोनीचा प्लेस्टेशन ४) घ्यायचाय, सेकंडहँड. आता या काळात पीएस४ कोण घेतं असं म्हणाल तर कारण एकच, ब्लडबोर्न. २०१५ चा गेम, डिस्क माझ्याकडे आहे, हॉस्टेलला रूममेटच्या मशीनवर निम्मा खेळून झालाय, आणि तो गेम अजून ३० एफपीएसवरच (सेकंदाला ३० चित्रं) अडकलाय, सोनीने ना पॅच दिला ना पीसीवर आणला. लान्स मॅकडॉनल्ड नावाच्या मॉडरने २०२१ मध्ये ६० एफपीएसचा पॅच काढला पण तो चालवायला मशीन जेलब्रेक केलेलं (कंपनीचं लॉक तोडलेलं) लागतं आणि जेलब्रेकसाठी फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सिस्टीम सॉफ्टवेअर, जुनं लागतं, इथपर्यंत मला समजलंय. पुढचं सगळं धुकं.

तर चिंचवडला एक जण विकतायत, १६ हजार सांगतायत. मेसेज केला की व्हर्जन किती आहे, तर 'जुनंच आहे, अपडेट कधी केलाच नाही'. आकडा सांगा म्हटलं तर 'नाइन आहे नाइन'. फोटो पाठवा म्हटलं तर मशीनचेच चार फोटो आले, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, जणू मी स्थळ बघायला बसलोय. स्क्रीनचा एकही नाही.

मी एवढा का घाबरतोय तर मागच्या वर्षी एका दुकानातून (नाव घेत नाही) 'लो व्हर्जन आहे साहेब' या शब्दावर पीएस४ स्लिम घेतला होता. घरी येऊन लावला तर एकदम लेटेस्ट. परत गेलो तर दुकानदार म्हणतो, आम्ही प्रत्येक मशीन अपडेट करूनच देतो, ती आमची सर्व्हिस आहे, एक्स्ट्रा पैसे घेत नाही त्याचे. काय बोलणार राव. तो स्लिम तोट्यात विकला.

म्हणून विचारतोय, डब्यावरून, सिरियल नंबरवरून, मशीन बंद असताना, काही कळतं का? आणि बघायला जाईन तेव्हा नेमकं काय करू आणि काय करू नको?

सोल्डरगन_सांगली

पहिल्यांदा एक डोक्यातनं काढून टाका, सिरियल नंबरवरून आत्ता मशीनमध्ये कुठलं व्हर्जन आहे ते कळत नाही. कोणी 'सिरियल बघून सांगतो' म्हणत असेल तर तो टोपी घालतोय. सिरियल आणि मॉडेल नंबरवरून फक्त मशीन साधारण कधीचं आहे ते कळतं.

पण डब्याचा एक उपयोग आहे आणि तो आपल्याकडेच आहे, बाहेरच्या गाइडमध्ये हे कोणी लिहीत नाही. आपल्याकडे पॅक करून विकल्या जाणाऱ्या मालावर महिना आणि साल छापायला लागतं, वजनमापाच्या नियमात बसतं ते, त्यामुळे अधिकृत विकलेल्या पीएस४ च्या डब्यावर एमआरपीचा जो पांढरा स्टिकर असतो त्यावर आयातीचा महिना-साल असतो. आता हे नीट वाचा. डबा सीलबंद असेल तर तो महिना म्हणजे वरची मर्यादा, त्या महिन्यानंतर निघालेलं व्हर्जन आत असणं शक्य नाही. आणि डबा उघडलेला असेल तर त्या स्टिकरवरून वरची मर्यादा काहीच कळत नाही, पुढं मालकाने काय केलं ते देव जाणे. लोक नेमकं इथंच गंडतात, वापरलेल्या मशीनचा २०१९ चा डबा बघून खूष होतात.

मॉडेल बघा. प्रोमध्ये सीयूएच-७०००, ७१०० आणि ७२०० अशा तीन पिढ्या. फोटोत स्टिकर वाचता येत नसेल तर पॉवरची वायर बघा. ७००० आणि ७१०० ला कॉम्प्युटरच्या एसएमपीएसला असते तशी जाडजूड वायर लागते, ७२०० ला इंग्रजी आठाच्या आकाराची बारकी, जुन्या टेपरेकॉर्डरला असायची तसली. ७२०० घ्या, आवाज बराच कमी आहे, ७००० रात्री चालवला तर शेजारचे विचारतात गिरणी टाकली का. फक्त ७२०० मुळातच २०१८ च्या शेवटी आला त्यामुळे तो ५.०५ वर (जेलब्रेकसाठी नावाजलेलं जुनं व्हर्जन) मिळेल ही आशा सोडा, ५.०५ हे २०१८ च्या जानेवारीतलं. तुम्हाला ५.०५ ची गरजही नाही म्हणा.

आता 'नाइन'. नाइन हा आकडा नव्हे. ९.०० वेगळं, ९.०३ वेगळं, ९.६० वेगळं. पॉइंटच्या पुढची दोन घरं पाहिजेतच. ९.०० हे सप्टेंबर २०२१ चं, आणि त्याच्यावर एवढं प्रेम का तर त्या वर्षीच डिसेंबरात त्याचा जेलब्रेक आला आणि शिवाय आतलं बटन सेल मेल्यावर गेम उघडायचे बंद होण्याची जी भानगड होती ती सोनीने त्याच व्हर्जनमध्ये गुपचूप मिटवली. म्हणजे एकाच व्हर्जनमध्ये दोन्ही फायदे. पण ९.०० नसलं म्हणून रडायचं कारण आता उरलेलं नाही. मे २०२४ ला द फ्लो (TheFloW) नावाच्या हॅकरने पीपीपीउन काढलं, ते ७.०० पासून ११.०० पर्यंत चालतं. लॅन केबलवरून शिरतं, पीपीपीओई या नेट जोडणीच्या पद्धतीतल्या बगमधून, आणि गंमत अशी की तो बग २००६ सालचा आहे. सीव्हीई नंबरच, म्हणजे अशा बगांच्या यादीतला नंबर, २००६ चा. अठरा वर्षं तसाच पडून होता.

सालाचा हिशोब पाठ करून ठेवा, बोलताना कामाला येतो: ९.०० सप्टेंबर २१, १०.०० सप्टेंबर २२, ११.०० सप्टेंबर २३, १२.०० सप्टेंबर २४. गणपती आले की नवा मोठा आकडा, असं लक्षात ठेवा. म्हणजे मशीन सप्टेंबर २०२३ च्या आधी नेटवरून तुटलेलं असेल तर तुमचं काम झालं.

आणि म्हणून विकणाऱ्याला व्हर्जन विचारूच नका. त्याला माहीत नसतं आणि माहीत असलं तर तुम्हाला हवं ते सांगतो. विचारा, 'शेवटचं ऑनलाइन कधी खेळलात?' पीएसएनवर (सोनीच्या ऑनलाइन नेटवर्कवर) जायला लेटेस्ट अपडेट लागतोच, त्यामुळं जो म्हणतो काल रात्रीच फिफा ऑनलाइन खेळलो आणि अपडेट कधी केला नाही, तो दोन्हीपैकी एक खोटं बोलतोय. हा प्रश्न साधा वाटतो, माणूस खरं बोलून जातो.

कल्याण_स्लो

एवढी झिगझिग कशाला? शॅडपीएस४ एम्युलेटरवर ब्लडबोर्न पीसीवर चालतोय की आता. १६ हजार ग्राफिक्स कार्डात घाल.

पर्वती_पायथा

@कल्याण_स्लो भावा लॅपटॉप ऑफिसचा आहे, आय-थ्री, टीम्सचा कॉल आला तरी पंखा सुरू होतो. १६ हजाराच्या कार्डासाठी आधी ४० हजाराचा पीसी घ्यावा लागेल.

@सोल्डरगन_सांगली दादा दंडवत. फोटोत बघितलं, वायर बारकी आहे, आठासारखी! म्हणजे ७२०० ना? ऑनलाइनचा प्रश्न विचारला तर उत्तर आलं 'माझा मुलगा खेळायचा, मला नाही माहीत'. हे चांगलं की वाईट?

सोल्डरगन_सांगली

चांगलं. मुलगा कुठं आहे आणि कधी गेला ते विचारा. आजकाल निम्मे स्वस्त कन्सोल 'मुलगा बाहेर गेला' वालेच असतात.

लॅमिंग्टन_रोड_रिटायर्ड

मी २२ वर्षं रिपेअरिंग केलं, आता गुडघे बसू देत नाहीत म्हणून फक्त सल्ले देतो. सांगलीकरांनी सगळं बरोबर सांगितलंय, दोन-तीन गोष्टी माझ्याकडून.

विकणारा कौतुकाने सांगत असेल की 'आत एसएसडी टाकलीय, रॉकेट झालाय', तर सावध. पीएस४ ची डिस्क बदलली की सिस्टीम सॉफ्टवेअर यूएसबीवरून पुन्हा टाकावं लागतं आणि ९९ टक्के लोक सोनीच्या साइटवरून जी फाइल मिळते ती टाकतात, आणि तिथं मिळते ती फक्त लेटेस्ट. म्हणजे एसएसडी ज्या दिवशी टाकली त्या दिवसाचं व्हर्जन आत आहे असं समजून चाला. तसंच सर्व्हिस सेंटरला जाऊन आलेलं मशीन, रिफर्बिश्ड म्हणून विकलेलं मशीन, हे अपडेट केलेलंच येतं.

उलट बाजू सांगतो. हार्ड डिस्क मेलेलं मशीन लोक भंगाराच्या भावात देतात आणि मॉडिंगवाल्यांसाठी तेच सोनं असू शकतं. कारण डिस्क ज्या दिवशी मेली त्या दिवसापासून अपडेट बंद. आणि अशा मशीनचं व्हर्जन कळायला सोपं आहे, कोरी डिस्क घालून चालू केलं की ते स्क्रीनवर यूएसबी मागतं आणि त्या वाक्यातच लिहिलेलं असतं की व्हर्जन अमुक-अमुक किंवा त्यापुढची रीइन्स्टॉलेशनची फाइल द्या. तो अमुक म्हणजे आतलं व्हर्जन, कारण डिस्क गेली तरी बोर्डावरच्या चिपला आकडा लक्षात असतो. मग नेमकी त्याच आकड्याची पूर्ण फाइल शोधून, एमडी५ (फाइल अस्सल आहे का ते तपासायचा कोड) जुळवून टाकायची, साधारण १ जीबीची असते, अपडेटची अर्ध्या जीबीची फाइल तिथं चालत नाही. मी एकदा असा एक ६.७२ वाला पाच हजाराला उचलला होता, देणाऱ्याने वर समोसा खायला घातला.

आता बघायला जाताना. वायफायचा पासवर्ड त्यांच्या मशीनमध्ये सेव्ह असणार, तर चालू करण्याआधी राउटर बंद करायला सांगा, नाहीतर तुम्ही चहा पिताय आणि ते मागच्या मागे अपडेट उतरवून घेतंय. रेस्ट मोडमध्ये तर अजिबात टाकू देऊ नका, नेट चालू ठेवायचं सेटिंग असेल तर ते झोपेतच सगळं उरकतं. आणि टेस्टिंगला डिस्क नेताय ती जुनी न्या. नव्या गेमच्या डिस्कवर सिस्टीम अपडेटसुद्धा असतो आणि गेम म्हणतो आधी अपडेट कर. २०१५ ची डिस्क नेली तर ती कटकट नाही.

नागपुरी_संत्रं

काऊन भाऊ, मॉड केल्यावर फुकट गेम पण टाकता येतात ना? तो फायदा तर कोणी सांगूनच नाही राह्यलं इथं.

लॅमिंग्टन_रोड_रिटायर्ड

येतात, आणि ते इथं शिकवणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात ६५ए कलम आलं, कॉपीराइट मोडायच्या हेतूने लॉक तोडलं तर शिक्षा आहे. स्वतःच्या डिस्कवरचा गेम, होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेले प्रोग्रॅम), पंख्याचा स्पीड, पॅच, यावर विचारा, रात्रभर बोलू. आणि मॉड केलेल्या मशीनवरून पीएसएनला गेलात तर बॅन, ते वेगळंच.

नागपुरी_संत्रं

बरं काका, चिडू नका, विचारलं फक्त 🙏

ठाण्याची_स्विचवाली

थोडं विषयांतर पण शीर्षक बघून इथं निन्टेन्डोवाले पण येतील म्हणून लिहून ठेवते, कारण स्विचचं गणित बरोबर उलटं आहे आणि मी पीएस४ चा नियम स्विचला लावून हात पोळून घेतलेत.

स्विचमध्ये पहिल्या पिढीचं मशीन असेल तर फर्मवेअरशी काही देणंघेणं नाही. एप्रिल २०१८ ला केट टेमकिनने फ्यूझे जेले म्हणून बग बाहेर काढला, तो टेग्रा एक्स१ चिपच्या बूटरॉममध्ये आहे, म्हणजे चिपमध्येच कोरलेला, सॉफ्टवेअर अपडेटने बुजवताच येत नाही. म्हणून तिथं बघायचं ते सिरियल. खालच्या कडेला चार्जिंगच्या भोकाशेजारी असतं. एक्सएडब्ल्यू१००७४ च्या खाली असेल तर बिनधास्त, १०१२० च्या वर असेल तर फॅक्टरीतच दुरुस्त केलेलं, मधले सगळे नशिबाचा खेळ. एक्सएडब्ल्यू४, एक्सएडब्ल्यू७ आणि जपानी एक्सएजेचे आकडे वेगळे आहेत, एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. ऑगस्ट २०१९ पासून आलेलं जास्त बॅटरीवालं, लाइट आणि ओलेड यात हा बग नाहीच, त्याला आत चिप बसवावी लागते, तो सोल्डरिंगचा उद्योग आहे.

आपल्याकडे स्विच अधिकृत आलाच नव्हता, सगळा माल कोणाच्या तरी बॅगेतून आलेला, त्यामुळे डब्यावर ना एमआरपीचा स्टिकर ना महिना. वर सांगलीकरांनी सांगितलेली युक्ती इथं चालत नाही.

आणि माझी पोळलेली गोष्ट अशी की मी सिरियल बघून घेतला, एकदम जुना आकडा, खूष होऊन लोकलमध्ये मांडीवर घेऊन आले. घरी आल्यावर सेटिंग्जमध्ये सिरियल बघितलं तर वेगळंच! कोणीतरी मागचं कव्हर बदललं होतं, जुन्या मेलेल्या मशीनचं कव्हर नव्याला लावलेलं. तेव्हापासून स्टिकर आणि स्क्रीन दोन्ही जुळवल्याशिवाय पाकीट उघडत नाही.

म्हापशेकार

पीएस३ वाल्यांसाठी एक ओळ: तिथं आत्ता कुठलं व्हर्जन आहे यापेक्षा मशीन जास्तीत जास्त किती खाली जाऊ शकतं ते महत्त्वाचं. ३.५६ किंवा त्याखाली जाऊ शकत असेल तर पूर्ण कस्टम फर्मवेअर, नाहीतर हेनवर (दरवेळी नव्याने चालू करावं लागणारं मॉड) समाधान माना. फॅट (पहिले जाडे) सगळे चालतात, स्लिममध्ये २००० आणि २१०० चालतात, २५०० मध्ये काही हो काही नाही, ३००० आणि सुपरस्लिम नाही. २५०० साठी मिनव्हर चेकरची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा, अपडेट करायला सांगा, मशीन स्वतःच एरर देऊन खालचा आकडा सांगतं. दोन मिनिटांचं काम. विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा म्हणजे 'अपडेट' शब्द ऐकून तो घाबरणार नाही.

कल्याण_स्लो

पर्वतीवाले काय झालं शेवटी, गेलास का?

पर्वती_पायथा

गेलो होतो!! आज रविवार सकाळी. मोठं लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या.

विकणारे म्हणजे एक काका, कंपनीतून रिटायर झालेले, मुलगा जानेवारी २०२२ मध्ये कॅनडाला शिकायला गेला आणि तिकडेच नोकरीला लागला. मशीन तेव्हापासून टीव्हीच्या खालच्या कप्प्यात, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. 'नाइन आहे नाइन' हे मुलाने त्यांना व्हॉट्सअॅपवर सांगितलं होतं आणि काका ते जसंच्या तसं मला सांगत होते. म्हणजे खोटं कोणीच बोलत नव्हतं, मीच तीन दिवस त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

राउटर बंद करा म्हटलं तर काकू म्हणाल्या, अहो मालिका चालू आहे माझी मोबाइलवर. मग मार्ग काढला, चालू करायच्या आधी पासवर्डचं काय झालंय ते विचारलं तर राउटर गेल्या वर्षीच बदललाय, नाव-पासवर्ड सगळं नवीन, म्हणजे मशीनला नेट मिळणारच नव्हतं. मालिका वाचली.

कंट्रोलर पूर्ण मेलेला. मायक्रो यूएसबी केबल शोधण्यात पंधरा मिनिटं गेली, सगळ्या घरात टाइप-सी, शेवटी बीपी मोजायच्या मशीनची केबल लागली. चार्ज होईपर्यंत पोहे. मशीन चालू झालं, निळी लाइट, मग पांढरी, आणि काका एकदम मोबाइल काढून म्हणतात थांब तुला यूट्यूब लावून दाखवतो, हॉटस्पॉट देतो. मी पोह्याची डिश घेऊन अक्षरशः उभा राहिलो, नको काका, नको नको, यूट्यूब नको! काकांना वाटलं याला काहीतरी झालं. मग त्यांना समजावलं की मला हे जुनंच पाहिजे, नेट लागलं की ते नवं व्हायला बघतं आणि नवं झालं की माझ्या उपयोगाचं नाही. काका दोन मिनिटं विचार करून म्हणाले, 'म्हणजे रद्दीच्या दुकानात जुने दिवाळी अंक शोधतात तसं.' म्हटलं हो, अगदी तसंच.

सेटिंग्ज, सिस्टीम, सिस्टीम इन्फर्मेशन. पहिलीच ओळ, सिस्टीम सॉफ्टवेअर: ९.०३.

खरं सांगतो पोटात गोळा आला. तीन पॉइंटांनी हुकलं. मग दादांचं वाक्य आठवलं की ११.०० पर्यंत सगळं चालतंय आणि जीव भांड्यात पडला. तरी नोटिफिकेशनमध्ये बघितलं, डाउनलोड्समध्ये एक अपडेटची फाइल अर्धवट उतरून पडलेली होती, तिच्यावर ऑप्शन्स दाबून डिलीट केली, मग ऑटोमॅटिक डाउनलोड्समध्ये जाऊन टिक काढली आणि नेटवर्कची टिकसुद्धा काढून टाकली. ट्रॉफी बघितल्या, शेवटची २०२१ च्या डिसेंबरातली, म्हणजे मुलगा जाण्याच्या आधीच्या महिन्यातली, सगळं जुळतंय. मग माझी ब्लडबोर्नची डिस्क घातली, घेतली, अपडेट मागितला नाही, पंखाही शांत.

१६ चे १४ हजार ५०० झाले, त्यात दोन कंट्रोलर. निघताना काकूंनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे साडेअकरा, तो जांभई देत म्हणाला सगळं उडवायच्या आधी माझे सेव्ह तेवढे पेनड्राइव्हवर काढून ठेव ना, विचरचा आहे एक, दोनशे तासांचा. माझ्याच पेनड्राइव्हवर कॉपी करून काकांकडे दिले. ते त्यांनी देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवले.

आता दोन प्रश्न. १) त्याचं अकाउंट उडवायला इनिशियलाइज केलं तर व्हर्जन बदलतं का? हात लावायची भीती वाटतेय. २) ९.०३ वर नेमकं काय वापरू, यूएसबीवालं ते ९.०० चंच होतं ना?

सोल्डरगन_सांगली

नाद खुळा. डिसेंबर २०२१ चं व्हर्जन आणि जानेवारी २०२२ ला मालक विमानात, कागदावर मांडल्यासारखं.

१) नाही बदलत. सेटिंग्जमधून इनिशियलाइज करा, किंवा सेफ मोडमधून ६ नंबर, डेटा जातो, फर्मवेअर तिथंच राहतं. ७ नंबरला हात लावू नका, त्यात सिस्टीम सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला मागतं आणि लोक घाईत लेटेस्ट फाइल टाकून बसतात. सेफ मोडसाठी पॉवरचं बटण दाबून धरा, एक बीप लगेच येते, दुसरी साधारण ७ सेकंदांनी, दुसरीनंतर सोडा. कंट्रोलर केबलने लावूनच. ती बीपीवाली केबल विकत घेऊन टाका त्यांच्याकडून.

२) हो, पेनड्राइव्हवालं ९.०० चंच. तुम्ही पीपीपीउन घ्या, ९.०३ त्याच्या यादीत आहे. लॅन केबल आणि लॅपटॉप एवढंच लागतं, ऑफिसच्या लॅपटॉपवर करू नका, आयटीवाले विचारतील. जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) असेल तर तो मागे चिकटवून ठेवा, चालू केलं की आपोआप होतं. एक लक्षात घ्या, हे कायमचं नसतं, मशीन पूर्ण बंद करून चालू केलं की दरवेळी पुन्हा करायचं. पहिल्या प्रयत्नात झालं नाही तर मशीन खराब झालं असं समजू नका, दोन-तीनदा लागतं कधी कधी.

लॅमिंग्टन_रोड_रिटायर्ड

२०२५ ला लॅप्स नावाचा नवा जेलब्रेक आलाय, १२.०२ पर्यंतच्या कर्नलला (सिस्टीमच्या गाभ्याला) चालतो, आणि ९.६० किंवा त्याखाली असाल तर ब्राउझरमधूनच शिरता येतं, लॅनचीही गरज नाही. पण नव्या माणसाने आधी एक पद्धत नीट शिकावी, सांगलीकर म्हणतात तीच. आणि तीन वर्षं रुमालाखाली पडलेलं मशीन आहे, चालवायच्या आधी उघडून धूळ काढ आणि थर्मल पेस्ट बदल. ६० एफपीएसला मशीन तापतं.

पर्वती_पायथा

पेस्ट मागवली. रास्पबेरी पाय मित्राकडे पडून आहे, बुधवारी आणतो. बीपीची केबल काकांनी आधीच पिशवीत टाकून दिली होती, घरी येऊन बघितलं तेव्हा कळलं. आता त्यांना परत नेऊन द्यावी लागणार.

नागपुरी_संत्रं

जाशीन तं पोहे खाऊनच येजो भाऊ.